शब्दचर्चा: चिनी वैद्यकातल्या 'चंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (लेखिका)

नमस्कार. पारंपरिक चिनी वैद्यकात डिमेन्शियाचा रुग्ण कसा तपासतात यावर मराठीत लेख लिहिते आहे. घरी आईवडिलांचं, सासूसासऱ्यांचं करणाऱ्या माणसांसाठी तो आहे, त्यामुळे शब्द सोपे हवेत आणि चुकीचेही नकोत.

सगळ्यात जास्त अडले आहे ते 'चंग'पाशी. रुग्णालयाने दोघांनाही अल्झायमर सांगितलेला असला तरी चिनी वैद्य त्यांना एकाच रांगेत बसवत नाही. एक आजोबा दिवसभर गुंगीत बसतात, तोंडातून लाळ गळते, जिभेवर जाड चिकट थर, नाडी निसरडी. तिथे तो म्हणतो, गढूळ 'थान'ने, म्हणजे शरीरात साचलेल्या दाट स्रावाने, मनाची द्वारं झाकोळली आहेत. दुसऱ्या आजींचे कान वाजतात, चक्कर येते, कंबर-गुडघ्यांत बळ नाही, नाडी खोल आणि बारीक. तिथे म्हणतो, मज्जेचा सागर, म्हणजे मेंदू, आटला आहे. ही जी ओळख पटते ती चंग, आणि औषध ठरतं ते तिच्यावरून. हिला 'निदान' म्हणू की 'लक्षणसमूह'? शिवाय 'थान'ला सरळ 'कफ' म्हटलं तर चालेल का?

उत्तर (चिनी भाषेचा अभ्यासक)

ताई, आधी एक सावधगिरी. नुसत्या देवनागरी उच्चारावर विसंबू नका. चिनी वैद्यकात जोड्या फार आहेत. 'शन' म्हणजे मूत्रपिंड आणि 'शन' म्हणजे चैतन्य, मन. 'वन' म्हणजे ऐकणं-हुंगणं आणि 'वन' म्हणजे विचारणं. चिनी माणसाला सुरावरून फरक कळतो, आपल्या लिपीत तो पुसला जातो. 'चंग'चं तर आणखी अवघड आहे. एक 'चंग' म्हणजे सुटं लक्षण आणि दुसरी तुम्ही म्हणता ती. दोन्हींचा सूरसुद्धा सारखाच, फक्त चित्राक्षर वेगळं. म्हणून 'लक्षण' हा शब्द असलेलं काहीही घेऊ नका, नेमका तोच गोंधळ मराठीत येईल.

रोगाच्या नावाबद्दलही लिहितो, कारण ते लेखात येणारच. चिनी नाव 'छिताइ'. दोन्ही अक्षरांचा अर्थ बावळट, मंद असाच. चांग चिंगयुए या वैद्याच्या १६२४ च्या ग्रंथात हे नाव येतं, पुढे सतराव्या शतकातच छन श्तुओ या वैद्याने 'ताइ' रोगावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. जपानने हीच अक्षरं अपमानकारक म्हणून २००४ मध्ये सरकारी वापरातून काढली आणि आकलनाशी जोडलेलं नाव घेतलं. तैवानमध्ये 'बुद्धी हरवण्याचा आजार' अशा अर्थाचं नाव रूढ आहे. तेव्हा जुन्या ग्रंथाबद्दल लिहिताना 'छिताइ' ठेवा, पण आजच्या रुग्णाबद्दल लिहिताना त्याचा शब्दशः अर्थ त्याच्या माथी मारू नका.

उत्तर (आयुर्वेदाचे शिक्षक)

'थान'ला 'कफ' म्हणण्याचा मोह मलाही होतो, पण कृपया टाळा. आपल्याकडे कफ हा दोष असला तरी प्रमाणात असताना तोच शरीराला बळ, स्निग्धता, स्थैर्य देतो. चिनी 'थान' कधीच चांगला नसतो. शरीरातलं पाणी नीट फिरलं नाही की साचून दाट होतं, तो थान. खोकल्यातून पडणारा बेडका हा त्याचा एक भाग, न दिसणारा थानही ते मानतात. 'कफ' लिहिलंत की आपला वाचक लगेच वात-पित्त शोधू लागेल, आणि ती मांडणी तिथे नाही. 'दाट गढूळ स्राव' म्हणा, किंवा एकदा समजावून 'थान'च ठेवा.

याउलट एके ठिकाणी आपला शब्द अगदी चपखल बसतो. 'युश्वे'ला 'रक्तस्तंभन' वगैरे करू नका, 'साकळलेलं रक्त' म्हणा. जीभ जांभळट, तिच्यावर काळसर ठिपके, नाडी अडखळती, हे वर्णन 'साकळणं' या एका शब्दाने डोळ्यांपुढे येतं. पक्षाघाताचे झटके येऊन गेल्यानंतरच्या विस्मरणात ही ओळख पुष्कळदा सांगितली जाते.

चार तपासण्यांसाठी आपली परिभाषा तयार आहे. वाग्भटाने दर्शन, स्पर्शन, प्रश्न या तीन परीक्षा सांगितल्या. चिनी चौकडीत ऐकणं-हुंगणं वेगळं मोजतात, म्हणून 'दर्शन, श्रवण-गंध, प्रश्न, स्पर्शन'.

आता चंग. अर्थाने सर्वांत जवळची 'संप्राप्ती', कारण तिच्यातही दोष कोणता, बिघाड कुठे, कसा वाढला हे सगळं येतं. पण घरच्या वाचकाला ती जड जाईल. 'अवस्था' कशी वाटते?

उत्तर (मेंदूविकारांच्या डॉक्टर)

सर, 'अवस्था' नको. डिमेन्शियात आम्ही रोज 'सुरुवातीची, मधली, शेवटची अवस्था' असं बोलतो. नातेवाइकांना वाटेल आजार पुढे सरकला. 'प्रकार'ही नको, कारण अल्झायमर, रक्तवाहिन्यांशी निगडित डिमेन्शिया, हे प्रकार झाले. मी 'घडण' सुचवते: 'या घडीला रोगाची घडण अशी आहे'. काही महिन्यांनी घडण बदलते, तेव्हा औषधही बदलतं, हेही सहज सांगता येतं.

'मूत्रपिंडाची दुर्बलता' हा शब्दप्रयोग मात्र कळकळीने सांगते, तसाच छापू नका. चिनी मांडणीत 'शन' हाडं आणि मज्जा पोसतं, आणि 'ह्वांगती नेइचिंग' हा प्राचीन चिनी वैद्यकग्रंथ मेंदूला मज्जेचा सागर म्हणतो, म्हणून म्हातारपणच्या विसराळूपणाचा धागा तिथे जातो. आपल्याकडे हेच वाचून लोक मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिन ही रक्ततपासणी करायला धावतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे चालू औषधं बंद करतील. 'शन-तत्त्व' लिहा. स्मरणशक्ती हृदयात नसून मेंदूत असते, आणि वय झालं की मज्जा कमी होते, असं वांग छिंगरन या चिनी वैद्याने १८३० मध्येच लिहून ठेवलं आहे. ते लेखात घ्याच, वाचकाला पूल मिळेल.

तपासणीतली एक अडचण त्यांच्या पद्धतीला आणि आमच्या पद्धतीला सारखीच आहे: रुग्ण स्वतःबद्दल खात्रीने सांगू शकत नाही. 'जीभ दाखवा' ही सूचनाही पुढे पुढे कळत नाही. त्यात चालू औषधं खुणा बदलतात. डोनेपेझिल या डिमेन्शियाच्या औषधाने नाडी मंदावते, काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि जीभ वेगळी दिसते. वैद्याने गोळ्यांची यादी पाहिली नाही तर तो औषधाची घडण वाचेल, रोगाची नाही. आज चीनमधल्या रुग्णालयांत स्मरण आणि आकलन तपासणारी ३० गुणांची 'एमएमएसई' (१९७५ ची) किंवा 'मोका' ही चाचणीही घेतात. चंग ओळखण्यासाठी गुण देणाऱ्या प्रश्नावल्याही तिथल्या संशोधकांनी बनवल्या आहेत, कारण दोन वैद्यांची मतं जुळणं हा जुना प्रश्न आहे. आणि घडण कोणतीही निघो, बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी आधी हवी. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता मी सतत पाहते, आणि वेळेत सापडली तर विस्मरण बरंच सुधारू शकतं.

प्रश्न (लेखिका)

'घडण' घेते, आणि 'प्येनचंग'ला 'घडण ओळखणं'. थानला थानच. आजाराला मुख्य शब्द 'डिमेन्शिया' ठेवते. 'स्मृतिभ्रंश'मध्ये फक्त आठवण येते, तर काही आजारांत आधी वागणं किंवा बोलणं बदलतं. 'म्हातारचळ' लेखात कुठेही येणार नाही.

शेवटचं विचारते. चांग चिंगयुएचेच 'दहा प्रश्न' आजही शिकवतात: आधी थंडी-ताप, मग घाम, मग डोकं आणि अंग, मग शौच-लघवी, खाणंपिणं. ते सांभाळणाऱ्या व्यक्तीलाच विचारायचे असतील तर भाषा कशी ठेवू?

उत्तर (सासऱ्यांचा सांभाळ केलेली वाचक)

आम्ही बोलतो तशीच ठेवा. 'शीत असह्य होते का' विचारलंत तर मी 'नाही' म्हणेन. 'उन्हाळ्यातही पाय गार लागतात का, पांघरूण ओढून घेतात का' विचारलंत तर आठवून सांगेन. घामाचं 'झोपेत उशी भिजते का' असं. जेवणाचं 'भूक लागली म्हणून मागतात, की जेवल्याचं विसरून मागतात'. हे दोन वेगळे आहेत आणि घरातल्या माणसालाच कळतात. झोपेबद्दल 'रात्री किती वेळा उठून दार उघडायला जातात' हा प्रश्न नक्की घाला. आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'पूर्वीही असंच होतं का?' यासाठी जागा सोडा. माझे सासरे आयुष्यभर थंडीला घाबरायचे. ते आजाराच्या खात्यात जायला नको.