कुत्र्याला फिरवायला लांब रेनकोट : सोलापूरकरांनो, अनुभव लिहा (अनुभव धागा)

शेंगाचटणी

सोलापुरात राहून रेनकोटवर धागा काढला म्हणून हसू नका. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि येतो तो बहुतेकदा संध्याकाळी. म्हणजे नेमका कुत्र्याच्या फिरायच्या वेळेला. आमची लॅब्रेडॉर घरात काही करत नाही, त्यामुळे पाऊस थांबायची वाट बघायची सोय नाही. स्कूटरवर घालायचा जाकीट-पँटचा जोड आहे, पण तेवढ्याशा फेरीसाठी पँट चढवायची आणि आल्यावर चिखलाच्या पायांतून ओढून काढायची, याचा कंटाळा येतो. गुडघ्याखाली जाईल असा एकच लांब कोट घ्यावा म्हणतेय. लांबी, कापड, टोपी, खिसे, जे वापरून कळलं ते लिहा. नुसत्या लिंका टाकू नका.

सातरस्ता

लांबीबद्दल मी बोलते, कारण माझा पोटरीपर्यंतचा आहे. उभ्यानं चालताना राणीसारखं वाटतं. पण कुत्र्यामागं पिशवी घेऊन उकिडवं बसायचं असतं ना! बसलं की खालचा सगळा घेर चिखलात. आमच्याकडं विजापूर रोडच्या मागच्या प्लॉटांत अजून काळी माती आहे, ती कोटाला लागली की वाळल्याशिवाय निघत नाही. चेन खालूनही उघडणारी असेल तर हा त्रास निम्मा होतो, दोन्ही पदर मांडीवर घेऊन बसता येतं. साधी चेन असेल तर गुडघ्याखाली चार बोटं, त्याहून लांब नकोच.

आणि एक. गमबूट घालत असाल तर कोटाची कड बुटाच्या तोंडाच्या खाली यायला हवी. वर संपली तर कोटावरचं सगळं पाणी निथळून सरळ बुटात जातं.

भुईकोट

एवढं कशाला ओ? छत्री आहे की.

सातरस्ता

भुईकोटकाका, एका हातात पट्टा, दुसऱ्यात छत्री. पिशवी कोण उचलणार?

टेरीटॉवेल

कापडाच्या धंद्यात आहे (एमआयडीसी, अक्कलकोट रोड), त्यामुळे जरा लांबण लावतो.

लेबलवर ३०००, ५०००, १०००० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत पाणी आरपार येत नाही, त्याचा तो आकडा. ५००० म्हणजे पाच मीटर. हा दाब कुठं लागतो? स्कूटरवर बसल्यावर बुडाखाली आणि सॅकच्या पट्ट्याखाली. नुसतं चालणाऱ्याला ५००० भरपूर झालं. खरी गळती शिवणीतून होते, कारण सुईचं प्रत्येक छिद्र म्हणजे दार. कोट उलटा करून आतून बघा : खांद्यावर, टोपीच्या जोडावर, काखेत शिवणीवरून पारदर्शक टेप चिकटवलेली दिसली पाहिजे. टेप नसेल तर १०००० चा आकडा शोभेचा.

आता 'श्वास घेणारं कापड' म्हणून जे महाग विकतात त्याबद्दल. घामाची वाफ आतून बाहेर जाते ती आतली हवा जास्त गरम-दमट आणि बाहेरची थंड-कोरडी असेल तेव्हा. थंड देशांत हे छान चालतं. आपल्याकडं सप्टेंबरातल्या संध्याकाळी बाहेरच उकडत असतं, हवा भिजलेली असते, मग वाफेला ढकलणारं काही उरत नाही. त्यात कोटाचा बाहेरचा पृष्ठभाग पाणी झटकायचा बंद होऊन ओला झाला तर उरलीसुरली वाटही बंद. माणूस आतून घामानं भिजतो आणि कोट गळतोय म्हणून दुकानदाराशी भांडतो.

म्हणून माझं मत ठाम आहे : सोलापुरात कापडाच्या नावावर पैसे घालू नका, हवेच्या वाटेवर घाला. पाठीवर झडप आणि तिच्याखाली जाळी, काखेत भोकं, आत जाळीचं अस्तर, आणि अंगाला न चिकटणारी ढगळ बेतणी. एवढं असेल तर साधं पीयू-लेप (पॉलियुरेथेन, म्हणजे पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा पातळ थर) दिलेलं पॉलिस्टरही चालतं. पीव्हीसी पाणी अजिबात घेत नाही, पण आत माणूस उकडून निघतो.

पश्मीवाला

टेरीटॉवेलदादा, एकदम पटलं. मी कुत्र्याच्या बाजूनं सांगतो.

आमचा कुत्रा पश्मी जातीचा. अंगानं लांबलचक, मुळात शिकारी, पण प्लॅस्टिकला लै भितो. आधी मी वारीत वापरतात तसला पातळ पोंचो घ्यायचो. वारं सुटलं की तो फडफडायचा, आणि हा पट्टा ताणून माझ्यापासून लांब पळायला बघायचा. एकदा वाऱ्यानं पुढचा पदर तोंडावर आला, तोवर पट्टा पायांत. तेव्हापासून बाह्यांचा कोट. तोही घेताना दुकानात हातानं चुरगाळून बघितला, चुरचुर आवाज येणारा बाजूला ठेवला. नवा कोट घरात आणून त्याच्या जेवणाच्या भांड्याजवळ पसरून ठेवला, हुंगू दिला, मगच अंगात घातला.

बाहीच्या मनगटाला आतून इलॅस्टिकची दुसरी बाही बघा. पट्ट्याचा हात कुत्रं ओढेल तसा वर जातो आणि पाणी कोपरापर्यंत आत येतं. हे स्कूटरवाल्यांना कधी कळणार नाही.

आमचे आजोबा सांगोल्याकडचे, मेंढरामागं घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन फिरायचे. आवाज नाही, ऊब आहे, पण भिजल्यावर तिचं वजन माझ्या खांद्याला झेपणारं नाही.

कडकभाकरी

टोपीकडं कुणी लक्ष देईना बे. मी रात्रपाळी करून आल्यावर कुत्र्याला नेतो. पाऊस आला की आमच्या भागात लाईट जाते, आणि गल्लीतली भटकी कुत्री अंधारात मागून येतात. खोल टोपीत कानाला फक्त थेंबांचा टपटप आवाज, बाजूचं दिसत नाही, मान वळवली तर टोपी तिथंच आणि तोंड टोपीत. मागं आवळायची दोरी असलेलीच टोपी घ्या, म्हणजे ती डोक्याबरोबर वळते. आत क्रिकेटची कॅप घातली की पाणी चष्म्यावर येत नाही.

दुसरं म्हणजे, रोज शेपूट हलवणारी गल्लीतली कुत्रीसुद्धा लांब काळ्या कोटातल्या माणसाला ओळखत नाहीत, अंगावर येतात. मी आता लांबूनच आवाज देत जातो. रंग पिवळा किंवा केशरी, आणि पाठीवर चमकणारी पट्टी. होटगी रोडला राहणाऱ्यांनी तर नक्कीच, ट्रकवाल्याला पावसात काळा कोट दिसत नाही.

जुळेसोलापूर

टिकाऊपणाचं. माझा चांगला महागातला कोट पत्र्याच्या खोलीत घडी घालून ठेवला होता. मेमध्ये पारा ४३-४४ ला, पत्र्याखाली त्याहून जास्त. जूनमध्ये काढला तर आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटलेले. पीयूचा लेप उष्णता आणि दमटपणानं असाच जातो म्हणे. आताचा सावलीत हँगरला असतो. कपडे मऊ करायचं द्रव त्याला लावायचं नाही, त्यानं पाणी झटकायचा गुण जातो.

टेरीटॉवेल

बरोबर. शिवाय कोट पुरता वाळवूनच आत ठेवा. आणि कुत्र्याच्या नखानं फाटला तर सुई लावू नका, आतून पॅच चिकटवा.

डॉक्टरीणबाई

कोटाचं झालं, कुत्र्याचंही बघा. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, पावसाआधी त्याची लस झालीय का तपासा. घरी आल्यावर बोटांच्या मधे आणि पोटाखाली कोरडं करा, गोचीड तिथंच सापडते. टॉवेलाची आपल्या गावात काय कमी!

सातरस्ता

खिसे राहिले. वर झाकण असलेले हवेत, उघड्या तोंडाच्या खिशात डबकं होतं. बिस्किटं त्यातल्या एकातच ठेवा, नाहीतर कुत्रं कोटाच्या प्रत्येक खिशाला नाक लावत बसतं.

शेंगाचटणी

सगळ्यांचे आभार. रविवारी नव्या पेठेत जातेय. कोट उलटा करणार, चुरगाळणार, आणि घालून दुकानातच उकिडवी बसून बघणार. दुकानदार काय म्हणेल ते म्हणो. एक शंका : केशरी रंगावर काळ्या मातीचे डाग राहतात का? सातरस्ता ताई?

सातरस्ता

राहतात. पण ओलं असताना घासू नकोस, वाळू दे आणि मग झटक, बरंचसं जातं.