परीक्षण वाचून सिनेमा ठरवता का? (सोसायटी ग्रुप, शनिवार रात्र)

मीनल (ए-३०१): त्या आजोबा-नातीच्या मराठी सिनेमाला उद्या सकाळी आपण अकरा जण जाणार होतो. आज पेपरात त्याला दोन स्टार आलेत आणि दुपारपासून चौघांनी ‘आमचं नको’ कळवलंय. रागवत नाहीये, पण खरंच विचारते. तुम्ही परीक्षण वाचून सिनेमा ठरवता का? की मुळात जायचा कंटाळा असतो आणि दोन स्टारचं निमित्त मिळतं?

जोशी काकू (बी-१०२): मी नाही गं वाचत. भिशीत कोण बघून आलंय ते विचारते. २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दोघी आधी बघून आल्या. त्यांनी मला जिन्यातच गाठलं, म्हणाल्या काहीही कर पण बघ. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळ्या नऊवारी नेसून, गॉगल लावून गेलो. थिएटरभर तशाच बायकांचे घोळके. ओळख ना पाळख, तरी इंटरव्हलला एकत्र फोटो काढले.

रोहन (सी-५०३): काकूंना अनुमोदन. आमच्यात पेपरचं परीक्षण कोणी उघडतही नाही. शुक्रवारी पहिला शो सुटला की यूट्यूबवर आणि रीलवर सगळं कळतं. ‘कबीर सिंग’ला २०१९ मध्ये समीक्षकांनी केवढं झोडपलं होतं. तरी भारतात पावणेतीनशे कोटींच्या आसपास कमावले त्याने. मग परीक्षणाचा उपयोग काय?

देशपांडे काका (सी-१०४): रोहन, याच्याही आधीचं सांगतो. मी तेव्हा गिरगावात राहायचो. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला आणि सुरुवातीची परीक्षणं थंड होती. धंद्यातली माणसंही सिनेमा पडला म्हणून मोकळी झाली होती. शेवट बदलून अमिताभला जिवंत ठेवावं का, इथपर्यंत खल झाला. त्या दिवसांत वरळीच्या गीता टॉकीजच्या मालकांनी रमेश सिप्पींना धीर दिला असं सांगतात. म्हणाले, काळजी करू नका. माझी इंटरव्हलची आइसक्रीम आणि थंड पेयांची विक्री घटली आहे, कारण लोक सुन्न होऊन खुर्चीतून उठतच नाहीत. पुढे मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. परीक्षण लिहिणाऱ्याला जे दिसलं नाही ते त्या टॉकीजवाल्याला कॅन्टीनच्या गल्ल्यावरून कळलं.

आणि दादा कोंडके? सलग नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, गिनेसमध्ये नोंद आहे. शिष्ट मंडळींनी नाकं मुरडली, लोकांनी डोक्यावर घेतलं.

अनघा (बी-४०४): काका, गोष्ट सुरेख आहे, पण एक शंका. ‘शोले’ आपल्याला आठवतो कारण तो तगला. वाईट परीक्षण आल्यामुळे किंवा परीक्षणच न आल्यामुळे दुसऱ्या शुक्रवारी गायब झालेले सिनेमे कोणाला आठवणार? आठवणीतल्या सिनेमांवरून हिशोब केला तर समीक्षक नेहमीच हरलेले दिसतील.

मी मार्केटिंगच्या मुलांना हा विषय शिकवते म्हणून थोडं लांबण लावते. एलियाशबर्ग आणि शुगन या दोघांचा १९९७ चा अमेरिकेतला अभ्यास आहे. परीक्षणं चांगली की वाईट याचा पहिल्या काही आठवड्यांच्या गल्ल्याशी ठळक संबंध त्यांना सापडला नाही. नंतरच्या आठवड्यांच्या आणि एकूण कमाईशी मात्र सापडला. परीक्षणांनी लोकांना वळवलं असतं तर ते आधी दिसायला हवं होतं, कारण परीक्षण ताजं तेव्हाच असतं. म्हणून त्यांचं म्हणणं असं की समीक्षक लोकांचं मत घडवत नाहीत, ते पुढे काय होईल याचा अंदाज तेवढा देतात.

रोहन (सी-५०३): म्हणजे माझंच बरोबर ना ताई 🙂

अनघा (बी-४०४): थांब, गोष्ट तिथे संपत नाही. २००३ मध्ये बासुरॉय, चॅटर्जी आणि रविद यांनी पुन्हा आकडे तपासले. चांगल्या परीक्षणाने जेवढा फायदा होतो त्यापेक्षा वाईट परीक्षणाने नुकसान जास्त होतं आणि तेही पहिल्याच आठवड्यात, असं त्यांना दिसलं. मोठा स्टार किंवा मोठं बजेट असेल तर हा फटका सौम्य होतो. २००५ मध्ये रेनस्टीन आणि स्नायडर यांनी सिस्केल आणि ईबर्ट या टीव्हीवरच्या नावाजलेल्या समीक्षकांची परीक्षणं घेतली. काही सिनेमांचं परीक्षण पहिल्या शनिवार-रविवारच्या आधी आलं होतं, काहींचं नंतर. त्या फरकावरून त्यांनी परिणाम मोजला. सरसकट परिणाम मोठा नव्हता. पण थोड्याच थिएटरांत लागलेल्या सिनेमांना आणि गंभीर नाट्यमय सिनेमांना आधी आलेल्या चांगल्या परीक्षणाचा खरोखर फायदा झाला होता.

तेव्हा ‘परिणाम होतो का’ यापेक्षा ‘कोणत्या सिनेमावर होतो’ हे विचारायला हवं, असं मला वाटतं.

सेक्रेटरी: उद्या ए आणि बी विंगच्या टाक्या साफ होणार आहेत. सकाळी ९ ते १२ पाणी बंद. पाणी भरून ठेवावे. चर्चा चालू द्या.

फडके (बी-३०२): अभ्यास ठीक आहे. चौघांची तिकिटं, पार्किंग, मुलांचं पॉपकॉर्न धरून दोन हजार जातात. समीक्षक फुकट बघतो, मी पैसे मोजून बघतो. मग दोन स्टार दिसल्यावर मी विचार करणारच. आठ आठवड्यांनी घरी टीव्हीवर येतोच आहे. मीनलताई, चौघांपैकी दोघे आम्हीच, राग नसावा.

मीनल (ए-३०१): अहो नाही, राग कसला. खर्चाचं म्हणणं रास्तच आहे.

देशपांडे काका (सी-१०४): सुहास, तू बरीच वर्षं वितरणात काढलीस. गप्प का?

सुहास (डी-२०१): काका, टाइप करत होतो, मोठं झालंय.

अनघा म्हणते ते आम्ही रोज बघितलंय. मोठ्या हिंदी सिनेमाचं नशीब गुरुवारी रात्रीच दिसतं, ॲडव्हान्स बुकिंगवरून. २०१८ च्या दिवाळीत ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ने पहिल्या दिवशी पन्नास कोटींच्या वर गल्ला केला, तोवरचा हिंदीतला विक्रम. परीक्षणं वाईट होती, पण तिकिटं आधीच काढलेली होती. नंतर बघून आलेल्यांनी घरोघरी सांगितलं आणि तो असा कोसळला की विचारू नका. परीक्षणाने पहिला दिवस अडला नाही, आणि पुढची पडझड परीक्षणामुळे झाली असंही मी म्हणणार नाही. लोकांनीच पाडला.

आता आपला मराठी सिनेमा घ्या. स्टार नाही, जाहिरातीला पैसा नाही. मिळाले तर एका मल्टिप्लेक्सला दोन शो, सकाळी सव्वादहा आणि रात्री पावणेअकरा. सरकारने २०१५ मध्ये मराठीसाठी प्राइम टाइमचा नियम केला. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले, आठवड्याभरात ते दुपारी १२ ते रात्री ९ झालं. म्हणजे मंगळवारी दुपारी साडेबाराचा शो दिला तरी नियम पाळला. नोकरी करणारा माणूस त्या वेळी येणार कसा?

आणि खरी मेख सोमवारी असते. शनिवार-रविवारी किती खुर्च्या भरल्या ते बघून पुढच्या शुक्रवारचे शो ठरायला लागतात. जोशी काकू, तुमची जिन्यातली गाठभेट व्हायला वेळ लागतो. पहिल्या शनिवारी साठ माणसं बघणार, ती घरी जाऊन सांगणार, ऐकणारे पुढच्या शनिवारचा बेत करणार, आणि तोवर शो उतरलेला असतो. ‘ट्वेल्थ फेल’ला २०२३ मध्ये पहिल्या दिवशी कोटीभराच्या आसपासच गल्ला होता. पण हातात स्क्रीन होत्या, त्या टिकल्या, आणि लोकांचं बोलणं पसरायला आठवडे मिळाले. छोट्या मराठी सिनेमाला हे आठवडे मिळत नाहीत.

मी हाताळलेल्या एका सिनेमाचं आजही वाईट वाटतं. शुक्रवारी रात्री सव्वादोनशे खुर्च्यांच्या नकाशावर नऊ खुर्च्या भरलेल्या होत्या. दिग्दर्शक तो नकाशा फोनवर पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. शनिवारी तिसाच्या वर, रविवारी शो जवळपास भरला. पण शुक्रवार-शनिवारने सरासरी खाली ओढली होती आणि दुसऱ्या आठवड्यात नाव यादीतून गेलं. त्या शनिवारी खिडकीवर माणसं सिनेमाचं नाव घेऊन विचारत होती आणि आतला मुलगा सांगत होता, ‘उतरला.’ परीक्षण आलं होतं, चांगलं होतं, पण छापून आलं त्यानंतर, रविवारच्या पुरवणीत. ते शुक्रवारी आलं असतं तर? मला खात्री आहे की फरक पडला असता.

म्हणून मला समीक्षक हवेत. माउथ पब्लिसिटी सुरू होण्याआधी पोहोचणारा आवाज या सिनेमांकडे तेवढा एकच असतो. ‘कोर्ट’ आठवतो का? २०१४ ला व्हेनिसला पारितोषिक, मग राष्ट्रीय पुरस्कार, आणि १७ एप्रिल २०१५ ला इथे लागला. नाचगाणी नाहीत, ओळखीचा चेहरा नाही. जे आले ते वाचून आले होते.

रोहन (सी-५०३): दादा, हे माहीत नव्हतं. पण मग निर्माते रिव्ह्यूवर इतके चिडतात का? तमिळवाले तर कोर्टात गेले होते ना?

सुहास (डी-२०१): हो, डिसेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात. पहिले तीन दिवस परीक्षणं येऊच देऊ नका, अशी निर्मात्यांची मागणी. न्यायालयाने तशी बंदी घालायला नकार दिला, बरं झालं. ठरवून नाव खराब करणारे आहेत, पैसे घेऊन स्टार वाटणारेही आहेत, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तो बंदोबस्त जरूर करा. पण तीन दिवस सगळ्यांचीच तोंडं बंद केली तर मोठा सिनेमा जाहिरातीवर तरून जाईल आणि छोटा सोमवारी मरेल. हे मला मनापासून लागतं.

अनघा (बी-४०४): बरोबर. शिवाय फडके काका, वाईट परीक्षणाचा फटका स्टार नसलेल्यालाच जास्त बसतो. मोठ्याला दोन स्टार मिळाले तरी तुम्ही हिरोसाठी जाता. छोट्याला मिळाले की पहिली काट त्याच्यावर.

फडके (बी-३०२): हे खरं आहे. गेल्या दिवाळीत आम्ही तसंच केलं. पण म्हणून कंटाळवाणा सिनेमा मी सहन करावा असं तर नाही ना?

सुहास (डी-२०१): मुळीच नाही. फक्त स्टारवर थांबू नका, खालचा मजकूर वाचा. एकच समीक्षक काही महिने धरून वाचला की त्याची आवड कळते. मग त्याला न आवडलेला सिनेमा आपल्याला आवडेल का तेही कळायला लागतं.

मीनल (ए-३०१): आत्ता पुन्हा नीट वाचलं. दुपारी मीही स्टारच बघितले होते. तो लिहितो, ‘गती संथ. आजोबा आणि नात स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलतात, तो प्रसंग जवळजवळ पाच मिनिटं चालतो आणि त्यात काहीच घडत नाही. उत्तरार्धात कथानक रेंगाळतं. छायाचित्रण आणि आजोबांचं काम उत्तम.’

जोशी काकू (बी-१०२): अगं, मला तर हेच बघायचंय! शेंगा सोलताना पोरं आजोबांशी जे बोलतात ते जेवायला बसून बोलत नाहीत. कोणाचं रद्द झालेलं तिकीट असेल तर माझ्या बहिणीला दे.

फडके (बी-३०२): शेंगा सोलण्याची पाच मिनिटं मला झेपणार नाहीत, मी पास. पण आमच्या हिला यायचंय म्हणते. एक तिकीट ठेवा.

देशपांडे काका (सी-१०४): समीक्षकाने एकाच वाक्यात एकाला घरी बसवलं आणि दोघींना बाहेर काढलं. मग काम चोख केलं की त्याने. मीही येतो, गुडघ्यामुळे शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची असेल तर बघ.

मीनल (ए-३०१): हो काका, बघते. म्हणजे आता दहा झालो. तिकिटं रात्रीच काढते.

सुहास (डी-२०१): एक विनंती. बघून आल्यावर जे वाटेल ते उद्याच लिहा, इथे आणि आपापल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. बुधवारी लिहिलंत तर पुढच्या शुक्रवारचे शो ठरून गेलेले असतील.

मीनल (ए-३०१): दुपारी जेवणाआधी लिहिते. नाही आवडला तर तेही लिहीन, कारणासकट.