शब्दचर्चा: ‘सिरियल’, ‘सिरीज’, ‘पर्व’ आणि ‘लागणे’

मूळ प्रश्न

टीव्हीवर रोज रात्री येते ती ‘सिरियल’ आणि मोबाइलवर आपण सवडीने बघतो ती ‘सिरीज’, असा भेद आता सगळीकडे ऐकू येतो. कॉलेजमधल्या मुलांना ‘कुठली सिरियल बघताय?’ विचारलं तर ती लगेच दुरुस्त करतात, ‘सिरियल नाही, सिरीज.’ मराठीत तर दोन्हींना मालिकाच म्हणायचं ना? मग हा भेद खरा आहे की नुसता तोरा? आणखी एक. ‘सीझन’ला मराठीत काय म्हणावं, भाग की पर्व? ‘दुसरा भाग आलाय’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला दुसरा एपिसोड वाटतो, नाहीतर दुसरा सीझन. याचं काय करायचं?

प्रतिसाद

मालिका बघणं आणि शब्दकोश चाळणं ही माझी दोन्ही आवडीची कामं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्युत्पत्ती. सिरियल आणि सिरीज हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच क्रियापदावरून आलेत आणि त्या क्रियापदाचा अर्थ जोडणे, ओवणे. ‘मालिका’ हा शब्द मालेवरून आला, म्हणजे इथेही ओवणंच. दूरदर्शनसाठी हा शब्द ज्यांनी रुळवला त्यांनी फार नेमका निवडला. तो मराठीत आधीपासून कामात होताच. लेखमालिका होती, क्रिकेटची कसोटी मालिका होती. त्यामुळे कुणालाही तो बनवलेला वाटला नाही. पारिभाषिक शब्दांच्या वाट्याला असं भाग्य क्वचित येतं.

आता भेद. तो मला खरा वाटतो, तोरा नव्हे. इंग्रजीतही हे दोन शब्द एकच अर्थ सांगत नाहीत, पण आपण केलेली वाटणी इंग्रजीतली नाही, आपली स्वतःची आहे. आपल्याकडे सिरियल म्हणजे ठरलेल्या वेळी, आठवड्याचे पाच-सहा दिवस येणारी आणि शेवट कधी होणार हे कुणालाच माहीत नसलेली गोष्ट. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. सिरीज म्हणजे आठ-दहा भागांची, सगळे भाग हाताशी असलेली आणि शेवट लिहून झालेली गोष्ट. ‘समांतर’ २०२० मध्ये आली, पुढचा सीझन २०२१ मध्ये, आणि गोष्ट संपली. कथा सांगण्याच्या या दोन वेगळ्या रीती आहेत. लोकांना तो फरक जाणवला आणि हाताशी असलेले दोन शब्द त्यांनी दोन्हीकडे वाटून दिले. भाषा जिवंत असल्याचं हे लक्षण आहे, त्याला नावं ठेवू नयेत.

‘मालिका’ हे दोन्हींच्या वरचं नाव राहू द्यावं. लिंग मात्र तिघींचं एकच: ती मालिका, ती सिरियल, ती सिरीज. परक्या शब्दाला लिंग देताना मराठी माणूस मनातल्या मराठी शब्दाकडे बघतो, त्याचं हे चांगलं उदाहरण. शो मात्र ‘तो’, कारण त्याच्यामागे ‘कार्यक्रम’ उभा आहे. अनेकवचन ‘सिरियली’ असं करणारे माझ्या आजूबाजूला पुष्कळ आहेत आणि मला ते रूप मनापासून आवडतं. ‘सिरियल्स’पेक्षा ते मराठीत कितीतरी मुरलेलं आहे.

प्रतिसाद

सीझनला पर्वच म्हणावं. गाण्याच्या स्पर्धांनी आणि ‘बिग बॉस मराठी’ने (पहिलं पर्व २०१८) हा शब्द घराघरात नेलाय. आता पुन्हा भाग-भाग कशाला करायचं?

प्रतिसाद

पण पर्व ऐकलं की मला महाभारतच आठवतं. आठ भागांच्या गुन्हेगारी सिरीजला पर्व म्हणणं जरा जड नाही का वाटत? रोजच्या बोलण्यात आम्ही तरी ‘सीझन’च म्हणतो. ‘तो’ सीझन.

प्रतिसाद

महाभारत आठवणं ही अडचण नाही, उलट तिथेच उत्तर आहे. महाभारताची अठरा पर्वं, आणि प्रत्येक पर्वात अनेक अध्याय. एका मोठ्या कथेचे मोठे तुकडे आणि त्यांचे लहान तुकडे, ही मांडणी आपल्याकडे तयारच आहे. सीझन आणि एपिसोडचं नातं नेमकं हेच. शिवाय संस्कृतात पर्व म्हणजे मुळात सांधा, उसाचं किंवा वेळूचं पेर. दोन पेरांमध्ये गाठ असते, तिथे कांडं थांबतं आणि पुढचं सुरू होतं. सीझन संपतो तिथे कथेला अशीच गाठ पडलेली असते.

‘सीझन’चा मूळ अर्थ ऋतूचा आहे. अमेरिकेत नव्या मालिका शरद ऋतूत सुरू करायची चाल होती, म्हणून त्या वर्षाच्या भागांचा तो ‘सीझन’. ब्रिटनमध्ये त्यालाच ‘सिरीज’ म्हणतात. म्हणजे ब्रिटिश मालिकांबद्दल वाचताना ‘तिसरी सिरीज’ असं दिसलं तर ते आपलं तिसरं पर्व. यावरून मी लोकांची मोठी गल्लत झालेली पाहिली आहे. आपल्याकडे मालिकांना असा ऋतू कधी नव्हताच, त्यामुळे ‘सीझन’ हा शब्द इथे नुसता आवाज म्हणून आलाय. पर्व अर्थासकट येतं.

भाग आणि पर्व यांची वाटणी मी तरी अशी करते: भाग म्हणजे फक्त एपिसोड. ‘रात्रीस खेळ चाले’ घ्या. पहिली २०१६ ची, दुसरी २०१९ ची, तिसरी २०२१ ची. पहिलीत अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून कथा सुरू होते आणि दुसरीत अण्णा जिवंत असतानाचा आधीचा काळ येतो. तिला ‘दुसरा भाग’ म्हटलं तर कथेत ती पुढे आहे असा समज होतो. ‘दुसरं पर्व, पण पूर्वकथा’ असं म्हटलं की सगळं स्वच्छ होतं. प्रीक्वेलला ‘पूर्वकथा’ यापेक्षा चांगला शब्द मला सापडलेला नाही.

प्रतिसाद

पूर्वकथा झकास. आमच्याकडे मालवणात ती मालिका लागली की रस्त्यावर शुकशुकाट असायचा. लोक नावं ठेवायचे आणि बघायचेही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात ‘लागली की’ आलंय, ते क्रियापद इथे कुणीच चर्चेला घेतलेलं नाही. मला तर ते या सगळ्यातलं सर्वात मोलाचं वाटतं.

मालिका ‘लागते’. थिएटरात सिनेमा लागतो, रेडिओवर गाणं लागतं, तशी. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं. ‘लागणे’ अकर्मक आहे. लागणाऱ्या गोष्टीवर बघणाऱ्याची सत्ता नसते. ती आपल्या वेळेला लागते आणि आपण त्या वेळेला हजर राहायचं. म्हणूनच ‘अगं, लागली बघ!’ अशी आतल्या खोलीकडे हाक जायची. मालिकेची ओळखही वेळेनेच असायची, अजून आहे: ‘आठची बघता का?’ ‘साडेआठची आता बघवत नाही.’ नाव घेण्याची गरजच नाही, ‘ची’ या प्रत्ययात मालिका पुरी मावते.

सिरीज मात्र कुणाची ‘लागत’ नाही. ती ‘येते’ आणि मग आपण ती ‘लावतो’. ‘पुढचा लाव ना.’ अकर्मकाचं सकर्मक झालं. वाक्याचा कर्ता आता बघणारा आहे. वाहिनीच्या हातातला वेळ प्रेक्षकाच्या हातात आला, हा सगळा बदल मराठीने ‘लागणे’ आणि ‘लावणे’ यांच्यातल्या एका व्यंजनाने टिपलाय.

यालाच जोडून: रोजच्या मालिकेचा भाग आकड्याने कुणी ओळखत नाही. ‘चारशे बारावा भाग पाहिलास का’ असं कोण विचारतं? आपण विचारतो, ‘काल काय झालं?’ कालचा, आजचा, शनिवारचा. सिरीजचा मात्र तिसरा, सातवा, शेवटचा. आकडे तिथून आले.

प्रतिसाद

‘बिंज वॉच’ला काय म्हणता? सलगदर्शन असा एक शब्द कुठेतरी वाचला होता.

प्रतिसाद

सलगदर्शन नको. असे शब्द कागदावरच राहतात. बिंज म्हणजे मुळात खाण्यापिण्यातला अधाशीपणा. २०१३ साली ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग नेटफ्लिक्सने एकाच दिवशी समोर ठेवले आणि तो शब्द बघण्यासाठी सर्रास वापरात आला. आपल्याकडे खाण्यातलंच तयार क्रियापद आहे: फडशा पाडणे. ‘दोन रात्रींत फडशा पाडला’ यात वेगही आला, हावही आली आणि संपल्यावर येणारी रितेपणाची भावनाही आली. हाव दाखवायची नसेल तर ‘एका बैठकीत संपवली’. तोही वाचनातून आलेला सुंदर प्रयोग आहे. ‘बघायला घेतली’ हेही ‘वाचायला घेतली’वरूनच आलंय. सिरीजचा शब्दसंग्रह पुस्तकाच्या वाटेने येतो आणि सिरियलचा रेडिओ-सिनेमाच्या वाटेने, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

प्रतिसाद

कुणी नवी सिरीज सुचवली की ती घ्यावी की नाही, हे मी त्यांच्या क्रियापदावरून ठरवतो. ‘पहिले दोन भाग रेटा, मग पकड घेते’ म्हटलं तर घेतो, कारण बोलणारा शेवटपर्यंत गेलेला असतो. ‘मध्ये गळपटते’ म्हटलं तर थांबतो. ‘शेवट फसला’ हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा इशारा. ‘चांगली आहे’ म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा अर्धवट सोडलेली असते!

प्रतिसाद

आणि ताणलेल्या मालिकांसाठीचे शब्द? तिथे मराठी फार श्रीमंत आहे.

प्रतिसाद

खूपच, आणि ते सगळे एकाच अर्थाचे नाहीत. पाणी घालणे म्हणजे मूळ माल चांगला होता, तो पुरवण्यासाठी पातळ केला. दोष लेखकाचा कमी, टीआरपीचा जास्त. दळण म्हणजे तेच ते पुन्हा: तोच गैरसमज, तीच चोरून ऐकलेली गोष्ट, तेच विष मिसळलेलं दूध. चऱ्हाट म्हणजे लांबच लांब दोर. प्रसंग नवे येतील, पण टोक दिसणार नाही. गुऱ्हाळ हा शब्द मी मालिकेला वापरत नाही, तो चर्चेचा शब्द आहे. ‘मालिकेवरच्या चर्चेचं गुऱ्हाळ’ हे बरोबर.

उलट टोकाला गुंडाळणे. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, ते सलग पडत गेले की महिन्याभरात खलनायिकेला पश्चात्ताप होतो. वाहिनी म्हणते ‘मालिका निरोप घेणार’, बातमी म्हणते ‘गाशा गुंडाळणार’. वर्षानुवर्षं ज्यांच्यासोबत जेवलो त्या पात्रांना असं आठवड्याभरात घालवलेलं बघून मला खरंच वाईट वाटतं. चांगला शेवट हा प्रेक्षकाचा हक्क आहे.

प्रतिसाद

‘महाएपिसोड’ असा अर्धा मराठी अर्धा इंग्रजी शब्द का? महाभाग म्हणायचं की.

प्रतिसाद

महाभाग म्हटलं की ‘हे महाभाग कोण?’ असंच ऐकू येतं! ती जागा आधीच अडलेली आहे. दोन तासांच्या खास भागाला तो शब्द कधीच बसला नसता. ‘महाएपिसोड’ हा मजबुरीतून आलेला, पण पक्का मराठी शब्द माना. दोन मालिकांची पात्रं एकत्र आणतात त्याला ‘महासंगम’, तिथे अशी अडचण नव्हती.

प्रतिसाद

तुपारे, राखेचा, मानबा, होसुमीयाघ, आकुकाक, एलदुगो. हे शब्द मानायचे की नाही?

प्रतिसाद

मानायचेच! ‘तुला पाहते रे’चं तुपारे, ‘रात्रीस खेळ चाले’चं राखेचा, ‘माझ्या नवऱ्याची बायको’चं मानबा, ‘होणार सून मी या घरची’चं होसुमीयाघ, ‘आई कुठे काय करते’चं आकुकाक, ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’चं एलदुगो. इंग्रजीसारखं सुट्ट्या मुळाक्षरांवर न थांबता अख्खं अक्षर मात्रेसकट उचललंय, म्हणून ते उच्चारता येतात. पुल, गदिमा, मसाप ही नावं याच रीतीने झाली. शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला चाहत्यांची मराठी शोधायची असेल तर त्याने इथून सुरुवात करावी.

प्रतिसाद

स्पॉयलर राहिला. ‘रसभंग’ म्हणावं का?

प्रतिसाद

रसभंग हा परिणाम झाला. स्पॉयलर म्हणजे तो घडवणारी माहिती. क्रियापद मात्र मराठीत पक्कं आहे: फोडणे. गुपित फोडतात, बिंग फोडतात, तसा ‘शेवट फोडू नका’. मी लिहिताना वर ‘पुढे शेवट फोडला आहे’ एवढंच लिहिते, सगळ्यांना कळतं. रोजच्या मालिकेत हा प्रश्न फारसा येत नाही, कारण प्रोमोच सगळं फोडून ठेवतो.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. आता भाग म्हणजे भाग आणि पर्व म्हणजे पर्व, हे मी पाळणार. शेवटची शंका: ‘लिमिटेड सिरीज’ला काय म्हणावं? आणि ‘टू बी कंटिन्यूड’ला?

प्रतिसाद

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: क्रमशः. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं, त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत. पुढे मासिकांच्या पानाखालचा हा शब्द टीव्हीच्या पडद्यावर आला. विसर्गासकट लिहा, तो हल्ली गळतो.

लिमिटेड सिरीजसाठी नवा शब्द शोधूच नका. भागांची संख्या सांगा: ‘सहा भागांची मालिका’. दूरदर्शनच्या काळात ‘तेरा भागांची मालिका’ हा प्रयोग रूढ होता, कारण मंजुरी तेरा, सव्वीस, बावन्न अशा हिशोबात मिळायची. आठवड्याला एक भाग धरला की तेरा भागांत वर्षाचा एक चतुर्थांश भरतो.