दम परत येतो, खांद्यांना वेळ द्या

वर विचारलंय की बऱ्याच वर्षांनी पूलमध्ये २ किमी आरामात होतायत, तर आता थेट समुद्रातल्या १० किमीची तयारी करू का. नक्की करा, अगदी मनापासून सांगते. पण दम लवकर परत येतो आणि खांदे मागे राहतात, स्नायूंपेक्षा टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला) ताकद यायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे अजून पोहावंसं वाटत असतं तेव्हाच थांबायचं, अंतर हळूहळू वाढवायचं.

दुसरं म्हणजे गार पाणी, त्याची सवय पूलमध्ये होतच नाही. शिरल्यावर पहिली एक-दोन मिनिटं जोरात धाप लागते तेव्हा हात मारायची घाई नको, नुसतं तरंगायचं, श्वास आपोआप ताळ्यावर येतो. आणि बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान काही वेळ उतरतच राहतं म्हणून लगेच ओले कपडे काढून कोरडे घाला, गरम शॉवर तेव्हा नकोच. इंग्लंड-फ्रान्समधली इंग्लिश खाडी पोहून पार करायची तर आधी साधारण १६ अंश किंवा त्याहून गार पाण्यात सलग ६ तास पोहून दाखवावं लागतं ते उगाच नाही.

एकटे मात्र जाऊ नका, सोबत कयाक (वल्ह्याची छोटी होडी) आणि कमरेला रंगीत फ्लोट हवाच. तुम्ही पोहणार तिथलं पाणी किती डिग्री असतं?