भोपळावर्गातल्या बियांचं तेल: सरसकट खाद्यतेल म्हणायला काय हरकत आहे?

बीजमंत्र (धागाकर्ता)
कलिंगड, खरबूज, भोपळा, काकडी. गर काढला की यांच्या बिया बहुतेक वेळा कचऱ्यात जातात. टरफल काढलेल्या भोपळ्याच्या किंवा कलिंगडाच्या बीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं. तेल ज्या मेदाम्लांचं बनतं त्यांपैकी कलिंगडाच्या तेलात लिनोलेइक आम्ल साधारण 60 ते 70 टक्के, ओलेइक 10 ते 20, उरलेलं मुख्यतः पामिटिक आणि स्टिअरिक. म्हणजे घडण नेहमीच्या सूर्यफूल तेलाच्या जवळ जाणारी. ते चालतं, मग हे का नाही? माझ्या मते अख्ख्या कुळालाच खाद्यतेलाचा दर्जा द्यावा.

रानवेल
सपशेल असहमत. 'अख्ख्या कुळाला' एवढं आधी खोडा. कारलं याच कुळातलं ना? त्याच्या बियांच्या तेलात निम्म्याच्या वर अल्फा-इलिओस्टिअरिक आम्ल असतं. अठरा कार्बन आणि तीन दुहेरी बंध, हे जवसातल्या लिनोलेनिकसारखंच. पण जवसात दोन दुहेरी बंधांच्या मध्ये एक मेथिलीन गट (दुहेरी बंध नसलेला CH₂ कार्बन) असतो; इथे बंध 9, 11 आणि 13 व्या कार्बनवर, म्हणजे एकाआड एक. अशा बंधांना संयुग्मित म्हणतात. हेच आम्ल टंग नावाच्या झाडाच्या बियांच्या तेलात 80 टक्क्यांच्या घरात असतं आणि ते तेल लाकडाच्या वॉर्निशला वापरतात, कारण हवा लागली की त्याचा कडक पापुद्रा होतो. पडवळाच्या बीत प्युनिसिक आम्ल असतं, तेच जे डाळिंबाच्या बीत सापडतं. बंधांच्या जागा त्याच, फक्त 13 वरचा बंध ट्रान्सऐवजी (साखळी बंधाच्या विरुद्ध बाजूंना) सिस (एकाच बाजूला). हे फोडणीला घालणार?

बीजमंत्र
कारल्याचं तेल फोडणीला घाला असं कुठे म्हटलंय मी? दोन वेलींसाठी बाकीच्यांना का डावलायचं? शिवाय इलिओस्टिअरिकचं रूपांतर उंदरांच्या शरीरात संयुग्मित लिनोलेइक आम्लात होतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे ते निव्वळ रंगाचं सामान नव्हे.

रानवेल
उंदरांवरच्या प्रयोगाने फार तर औषधी गुणांवर संशोधनाचा विषय मिळतो, रोजचं तेल नाही. आणि कुळाचा मुद्दा तुम्हीच काढलात हो!

चाचणीनळी
तुम्ही दोघं आकडे फेकताय, पण ते मोजतात कसे हे कुणी बोलतच नाही. मेदाम्लं वेगळी करून मोजणाऱ्या वायू-वर्णलेखनाआधी (गॅस क्रोमॅटोग्राफी) तेलाचे मिथाइल एस्टर, म्हणजे सहज वाफ होणारी रूपं, करावी लागतात. त्यासाठी आम्ल उत्प्रेरक वापरून नमुना तापवला तर हे संयुग्मित बंध जागा आणि मांडणी बदलतात. सोडियम मेथॉक्साइड या अल्कलीने, न तापवता केलं तर बरेचसे टिकतात. आयोडीन मूल्यही (दुहेरी बंध किती हे आयोडीन शोषणावरून मोजणारा आकडा) अशा तेलांत खऱ्यापेक्षा कमी दिसतं, कारण सलग बंधांतला शेवटचा फार हळू अभिक्रिया करतो. निदान अतिनील वर्णपट (तेल कोणता अतिनील प्रकाश शोषतं त्याचा आलेख) तरी घ्या. 270 नॅनोमीटरच्या आसपास तीन संयुग्मित बंधांची साखळी लगेच उघडी पडते. नमुना कसा तयार केला हे न लिहिलेला तक्ता मी तरी मानत नाही.

तळणीबाई
मला रसायन कळत नाही फारसं, पण तळण कळतं. साठ-सत्तर टक्के लिनोलेइक म्हणजे लवकर खवट होणारं तेल. ऑस्ट्रियातल्या स्टायरियाचं भोपळ्याचं तेल एवढं नावाजलेलं, तेसुद्धा सॅलडवर वरून घालतात, कढईत नाही. पातळ थरात हिरवं आणि जाड थरात लालसर दिसतं ते, बाटली हलवली की गंमत कळते.

बीजमंत्र
मग सूर्यफुलाचं नेहमीचं तेल तळायला कसं चालतं? लिनोलेइक त्यातही आहेच. आणि भोपळ्यात वाणानुसार ओलेइक वीसपासून चाळीस टक्क्यांच्या पुढेही जातं. ते वाढलं की लिनोलेइक उतरतं. तसं वाण निवडा.

रानवेल
हे पटलं. पण मग वाणाचं नाव लिहा, प्रजातीचं लिहा. 'भोपळावर्गीय बियांचं तेल' एवढंच छापलेली बाटली मी घेणार नाही. आत कारल्याच्या बिया मिसळल्यात की नाही, हे त्या लेबलावरून कसं कळायचं?