एक्स्पोर्ट केलेली फाइल नवी ‘की’ पुसत नाही

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते त्या नोंदसंग्रहात, बदल करण्याआधी संबंधित भाग एक्स्पोर्ट करून ठेवला की मागे येणे हे एका डबल-क्लिकचे काम, असे सांगितले जाते. एक्स्पोर्ट जरूर करावे, पण पुढचे विधान अर्धेच खरे आहे. अशी फाइल इम्पोर्ट करताना विंडोज ती असलेल्या रजिस्ट्रीत मिसळते. बदललेल्या व्हॅल्यू (एकेका सेटिंगच्या नोंदी) पूर्ववत होतात, मात्र नव्याने जोडलेल्या व्हॅल्यू आणि ‘की’ (व्हॅल्यू ठेवणारे फोल्डरसारखे कप्पे) तशाच राहतात. नौपाड्यातील एका करसल्लागारांच्या कार्यालयात विंडोज ११ वर राइट-क्लिकचा जुना मेनू आणला होता (मलाही तोच बरा वाटतो), आणि नको झाल्यावर बॅकअपची फाइल कितीदा चालवली तरी तो हटेना, कारण ही युक्ती रजिस्ट्रीच्या करंट यूजर या भागातील सीएलएसआयडी नावाच्या कप्प्याखाली नवी ‘की’ तयार करते. ती हाताने काढून एक्सप्लोरर पुन्हा सुरू केल्यावरच नवा मेनू परत आला.

शिवाय विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून रेगबॅक फोल्डरमध्ये आपोआप निघणारी रजिस्ट्रीची प्रतही बंद झाली आहे, त्यामुळे आधी रिस्टोअर पॉइंट (सिस्टिम पूर्वीच्या स्थितीत नेण्यासाठीची नोंद) तयार करावा, आणि तोही ही नोंद ठेवणारे सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे ना, हे पाहून.