जलपर्णी-पाणकणसात मरळ धरायला बासवाल्यांची पद्धत चालते का?

तलावकाठी: राम राम मंडळी. मी साकोलीकडचा. आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात एका बाजूनं पूर्ण पाणकणीस आन लव्हाळा, मधात कमळाची पानं, जलपर्णीचे गठ्ठे, आन काठानं बेशरमची झुडपं. मरळ भरपूर आहे, रोज दिसते, पण हाती येऊन नाही राहिली. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक असल्याच कचऱ्यात रबरी बेडूक फेकून बास मासा काढतात, ते पाहून मीबी फ्रॉग आणला. साडेसहा फुटी मिडियम रॉड आहे, स्पिनिंग रील, १५ पाउंड ताण सोसणारा साधा तंगूस. धपकन हल्ला होते, कधी गरीच लागत नाही आन लागली तं मासा थेट देठात घुसते, मग ओढून ओढून तंगूस तुटते. सामान चुकीचं आहे का पद्धत? (मच्छीमार सोसायटीला विचारूनच बसतो, ते कोणी काढू नका 😀)

गरीवाला_अर्जुनी: भाऊ पहिले तो तंगूस काढून टाका. नायलॉन ताणते, तुम्ही इकून झटका मारता तेव्हा तिकडं गरी जागची हलतबी नाही. ५० पाउंडाची ब्रेड (विणलेली दोरी) भरा, ४० च्या खाली या जागी जाऊच नका. ब्रेड हिरव्या देठाला करवतीसारखी कापत येते. अन् ड्रॅग (मासा ओढते तेव्हा रीलमधून दोरी सोडणारा ब्रेक) बंद म्हणजे बंद, इथं माशाला पळवून थकवायचं नसते.

वैनगंगा_वारे: सामानाचं वर सांगितलंच आहे, रॉड फक्त हेवी घ्या, सात फुटी असली तं बरं, कारण मासा लागल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदात त्याचं डोकं वर करून पानांवरून घसरवत आणावं लागते, मिडियम रॉड तिथंच वाकून बसते आन मासा खाली जाते.

आता बासचं. लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेतला मासा, आपल्या तलावात तो नाहीच, पण दोघंबी दबा धरून शिकार करणारे, म्हणून अर्धी पद्धत जशीच्या तशी चालते. अर्धी नाही चालत, आन ते व्हिडिओत कोणी सांगत नाही. बास कल्ल्यानं श्वास घेते, तिला पाण्यातलाच ऑक्सिजन लागते. म्हणून तिकडचे लोक हिरवागार, जिता कचरा शोधतात, तपकिरी होऊन सडलेला गठ्ठा सोडून देतात, सडताना तो ऑक्सिजन खाते ना. मरळीचं उलटं आहे. तिला वरची हवा घ्यावीच लागते, जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिली तं गुदमरून मरते. त्याच्यामुळं आपल्याकडं सडका, वास मारणारा कोपराबी सोडायचा नाही, मरळ तिथंबी मजेत असते. आन तिला वर यावंच लागते म्हणजे ती स्वतःच पत्ता सांगते, पानांच्या मधातल्या मोकळ्या पाण्यात बुडुक करून गोल उठला की समजा.

पण त्या गोलावर फ्रॉग आदळू नका! हेच सगळे करतात. पाच-सहा फूट पलीकडं फेका, पानावर पडू द्या, मग ओढत त्या मोकळ्या जागेतून आणा. बासवाले मोकळ्या जागेत फ्रॉग थांबवून जागच्या जागी हलवतात, मरळीला माझ्या मते एकसारखा चालता फ्रॉग जास्त आवडते, थांबवायचाच तं पानाच्या कडेवर क्षणभर. तुमचा गरी न लागण्याचा प्रश्न ९० टक्के घाईचा दिसते. पाणी उडालं की आपला हात आपोआप झटका मारते आन फ्रॉग तिच्या तोंडातून निसटून आपल्याच अंगावर येते. आवाजावर जाऊ नका, रॉडचं टोक खाली ठेवा, वजन हाताला लागलं की मग दोन्ही हातानं मारा. चुकली तं तिथंच परत फेका, मरळ रागीट आहे, दुसऱ्यांदा येते.

फ्रॉगच्या दोन्ही गऱ्या अंगाला चिकटून असतात, पकडीनं जराशा, अगदी जराशाच वर वाकवा, जास्त वाकवल्या तं पानं गोळा होतात. आन आत पाणी शिरते ते दाबून काढत जा, भरलेला फ्रॉग बुडते.

पाणकणीस_प्रेमी: वारे भाऊ सगळं फ्रॉगवरच? पाणकणसाच्या उभ्या देठात फ्रॉग काय कामाचा, तो तं देठाला गुंडाळते. तिथं टेक्सस रिग टाका जी. ऑफसेट (मानेशी वाकवलेली) गरी, रबरी किडा, गरीचं टोक रबराच्या आत लपवलेलं, पुढं गोळीसारखं ७ ते १० ग्रॅमचं शिसं. फेकायचं नाही, रॉड झुलवून हळूच देठाच्या बुडाशी सोडायचं. आन पट्ट्याच्या काटकोनात उभं नका राहू, कडेनं समांतर फेका, म्हणजे पूर्ण ओढ मासा असलेल्या कडेनंच येते.

वैनगंगा_वारे: उभ्या देठात तुमचं बरोबर आहे. पण ते फ्लोरिडात ओकीचोबी तलावावर ४०-४० ग्रॅमचं शिसं लावून गठ्ठा फोडून खाली सोडतात ना, ते इथं करू नका कोणी. खाली आपला गाळ आहे, शिसं त्यात जाऊन बसते. मरळ तशीबी वरच पाहत असते.

तलावकाठी: ब्रेड मागवली 👍 आणखी एक, सध्या पाणकणसाजवळ लाल-केशरी बारीक पिल्लांचा थवा फिरते, एकदम वर येते आन खाली जाते. खाली मोठी मरळ असतेच म्हणतात. तिथं फ्रॉग टाकला तं?

गरीवाला_अर्जुनी: हल्ला शंभर टक्के होईल, पण भुकेनं नाही, पिल्लं राखायला. नर-मादी दोघंबी राखण करतात. ती काढली की बाकीचे मासे तो थवा साफ करतात, मग पुढच्या साली तलावात काय धरता? पावसाळ्यात थवा दिसला की दुसरी बाजू धरा. आमच्याइकडचे जुने ढीवरबी त्याच्यावर गरी नाही टाकत.

पाणकणीस_प्रेमी: +१. आन दादा, ब्रेडच्या पुढं हातभर ४० पाउंडाचा जाड नायलॉन बांधा, मरळीला दात आहेत. लांब नाकाची पकड खिशात ठेवा, बोटं घालून गरी काढायला जाऊ नका. बेशरमच्या बाजूनं मात्र नादच सोडा, त्या लाकडी खोडाला ५० पाउंडबी कापत नाही, फ्रॉग गेला म्हणजे गेला.